पांढऱ्या तलंगांचा पंचनामा

मी आयुष्यभर अर्ज लिहीत आलो. नळाला पाणी नाही म्हणून लिहिले, रस्त्यावरचा दिवा विझला म्हणून लिहिले, शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटाने भिंतीवरची तसबीर दर आठवड्याला वाकडी होते म्हणूनही लिहिले. त्यांतील बहुतेक अर्जांबाबत मी आजही ठाम आहे आणि ज्यांनी उत्तर देण्याचे सौजन्य दाखवले नाही त्यांच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. परंतु एक अर्ज असा होता की ज्यावर ताबडतोब कार्यवाही झाली. त्याची आठवण निघाली की मला मान वर करवत नाही.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर आम्ही भिवंडीत एका बैठ्या कौलारू चाळीत राहत होतो. मी न्यायालयात कारकून होतो. चाळीत मोजक्या खोल्या, मागे लांबट परसू आणि प्रत्येकाच्या वाट्याच्या परसात कारवीचे कुंपण. आमच्या वाट्यात पत्नीच्या कोंबड्या असत. ती जवळच्याच कोन गावची. माहेरून येताना तिने एक कोंबडी काखेत धरून आणली होती आणि पुढची सगळी प्रजा तिच्यापासूनच वाढली. त्यांच्यात ठिपक्यांची एक जुनी कोंबडी होती. दाणे टाकले की पहिली चोच तिची. ती बाजूला झाली की मग बाकीच्यांची. पत्नी तिला कौतुकाने ‘आमची मुकादमीण’ म्हणे, कारण मागाच्या कारखान्यात मुकादम जसा फिरतो तशीच ती परसात फिरे.

अशात शासनाच्या एका योजनेतून सुधारित जातीच्या कोंबड्या मिळतात असे मला समजले. मी रीतसर अर्ज केला, पाठपुरावा केला, आणि चार पांढऱ्याशुभ्र तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, आमच्या नावे मंजूर झाल्या. मी त्या एका करंडीत घालून घरी आणल्या. दुपारची वेळ होती. पत्नीने करंडीचे झाकण किंचित उचलून आत पाहिले आणि लगेच बंद केले.

“आता नका सोडू. तिन्हीसांजा झाल्या, आपल्या कोंबड्या दांड्यावर बसल्या, की हळूच त्यांच्या मधी ठेवू. सकाळी उठल्यावर त्यांना वाटंल, ह्या पण आपल्यातल्याच हायेत.”

“म्हणजे चोरासारख्या आत घालायच्या?” मी म्हणालो. “त्या रीतसर मिळालेल्या आहेत. त्यांचा ह्या परसावर तितकाच हक्क आहे.”

“कोंबड्यांना तुमचा कागुद वाचता येतो काय?”

मी करंडी उघडली. भर दुपारी, परसाच्या मधोमध. इतकेच करून थांबलो असतो तरी कदाचित निभावले असते. पण नव्या कोंबड्यांना चांगला आहार द्यावा असे मला सांगण्यात आले होते, म्हणून मी त्यांच्यासाठी वेगळ्या डब्यात भरडा ठेवला आणि त्या खात असताना जुन्या कोंबड्यांना काठीने दूर ठेवू लागलो. मुकादमीण काठीच्या टप्प्याबाहेर उभी राहून एका डोळ्याने माझ्याकडे पाही. मी त्याला शिस्त समजत होतो.

त्याच सुमारास शेजारची खोली भाड्याने गेली. भाडेकरू उत्तरेकडचा विणकर. रातपाळीला माग चालवायचा आणि दिवसा झोपायचा. बरोबर त्याची बायको आणि एक तांबूस कुत्रा. कुत्रा त्यांनी आणलेला नव्हता; कारखान्यापासून मागे लागून आला होता आणि राहिला. खोली रिकामी असताना तिकडचे परसू आम्हीच वापरत होतो. ती माणसे आल्यावर मला काय बोचले ते आज मी लपवत नाही. आम्ही वापरत असलेली जागा आता त्यांची होती, आणि कायद्याने ती त्यांचीच होती.

चारसहा दिवसांत एका तलंगेच्या डोक्यावर जखम दिसली. तुऱ्यापाशी कातडे सोलले होते. दुसरीच्या शेपटाखालची पिसे गेली होती. पांढऱ्या पिसांवर रक्त फार ठळक दिसते. मी धर्मार्थ दवाखान्यातून लाल औषधाची बाटली आणली आणि कापसाच्या बोळ्याने रोज सकाळी जखमांवर लावू लागलो. कोर्टात जाण्यापूर्वी हे काम मी मोठ्या निष्ठेने करीत असे. जखमा मात्र भरत नव्हत्या. सकाळी लावलेले औषध संध्याकाळी खरवडलेले दिसे आणि जखम मोठी झालेली असे.

“कुत्रा,” मी म्हणालो.

पत्नी तांदूळ निवडत होती. “कुत्रा तुरा धरून खातो काय? कुत्र्यानं धरली तर मान धरून घेऊन जाईल. मागं काय ऱ्हाईल? पिसं.”

“तो आल्यापासून हे सुरू झाले आहे.”

“तो आला तवाच तुम्ही ह्या पण आणल्या.”

तो युक्तिवाद मला ऐकूच आला नाही. त्या आठवड्यात विणकराच्या उंबऱ्यापाशी मला एक पांढरे पीस सापडले. ते मी कागदाच्या पुडीत घालून ठेवले. न्यायालयात मुद्देमाल कसा ठेवतात हे मी रोज पाहत होतो.

मी प्रथम विणकराला तोंडी समज दिली. तो झोपेतून उठून दारात आला. डोळे लाल, केसांत कापसाचे तंतू अडकलेले.

“बाबूजी, कुत्ता ऐसा नहीं है.”

“सब ऐसाही बोलते हैं,” मी माझ्या हिंदीत सुनावले.

“ठीक है. बाँध देंगे.”

त्याने त्याच दिवशी कुत्र्याच्या गळ्यात कारखान्यातून आणलेली सुताची दोरी घातली आणि त्याला मागच्या खांबाला बांधले. ही गोष्ट मला ठाऊक होती. मी ती पाहिली होती. त्यानंतरही तलंगांच्या जखमा वाढतच गेल्या, आणि त्यावरून मी काय निष्कर्ष काढला? की ही माणसे मी कोर्टात गेलो की कुत्रा सोडतात.

मग एके सकाळी खुराड्यामागे एक तलंग मरून पडलेली सापडली. डोके रक्ताने माखलेले आणि अंग भिंतीच्या कोपऱ्यात दाबलेले, जणू तिला भिंतीतून पलीकडे जायचे होते. मी त्या दिवशी कोर्टात उशिरा गेलो. आधी अर्ज लिहिला.

अर्ज चाळमालकास उद्देशून होता आणि त्याची प्रत नगरपालिकेला जाणार होती. भाषा उत्तम होती. ‘सदर इसम बाहेरगावचा असून त्याच्या चालचलणुकीविषयी येथील कोणासही माहिती नाही’ असे एक वाक्य त्यात होते. कोंबड्यांच्या जखमांशी त्या वाक्याचा काय संबंध होता, हे मला कोणी विचारले नाही आणि मीही स्वतःला विचारले नाही. ‘यास वेळीच आवर न घातल्यास चाळीतील जुन्या रहिवाशांस येथे राहणे अशक्य होईल’ हे दुसरे. जुने रहिवासी म्हणजे मी. सही केली, तारीख घातली आणि अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला. विणकराला मराठी वाचता येत नव्हते. त्याच्याविरुद्ध काय लिहिले आहे हे त्याला कधीच कळणार नव्हते, फक्त त्याचे फळ मिळणार होते.

ते लवकरच मिळाले. चाळमालक स्वतः आला. एरवी कौल फुटल्याचे दहादा सांगूनही न येणारा मनुष्य! त्याने विणकराला महिनाअखेर खोली खाली करायला सांगितले आणि जाताना आमच्या दारात थांबला.

“कारकूनसाहेब, तुमच्यासारखा कोर्टातला माणूस लिहितो म्हटल्यावर आम्ही काय बोलणार? बरं झालं. ह्या खोलीत दोन लूम आरामात बसतात.”

तो गेल्यावर पत्नी म्हणाली, “लूम बसले तर रात्रंदिस ह्या भिंतीला खडखड. आता लिवा अर्ज.”

तिच्या बोलण्यापेक्षा मला चाळमालकाचे ‘बरं झालं’ अधिक लागले. त्याला खोली हवी होती आणि मी त्याला कारण पुरवले होते, हे मला त्या क्षणी समजले होते. तरीही मी गप्प राहिलो, कारण माझी बाजू खरी आहे अशी माझी खात्री होती. उलट, कोणी शंका घेऊ नये म्हणून कुत्र्याला पंचांसमक्ष रंगेहाथ पकडून दाखवावे, असे मी ठरवले.

रविवारी सकाळी मी दोन पंच बोलावले. एक चाळीतलेच निवृत्त मास्तर, दुसरा कोपऱ्यावरचा पिठाच्या गिरणीचा मालक. गिरणीवाला भुवयांवर पीठ घेऊनच आला. आमच्या मागच्या दाराला तट्टा लावून आम्ही तिघे आत बसलो. पत्नीने चहा दिला, आणि चेहऱ्यावर असा भाव ठेवला की मी तिच्याकडे पाहण्याचे टाळले. तट्ट्याच्या फटीतून आमचे परसू, कारवीचे कुंपण, त्यातले एक भगदाड आणि पलीकडे खांबाला बांधलेला कुत्रा, सगळे दिसत होते. विणकराच्या मागच्या दारात गोधडीचे एक गाठोडे बांधून ठेवलेले होते आणि त्याची बायको पितळेची भांडी गोणपाटात गुंडाळत होती. महिना संपायला आला होता.

“चहा झाला,” गिरणीवाला म्हणाला. “आता चोर दाखवा.”

“थांबा. तो झोपेचे सोंग घेतो आहे.”

“कोण, विणकर?”

“कुत्रा.”

मास्तरांनी खोकल्याचे निमित्त केले.

मी ठरल्याप्रमाणे बाहेर जाऊन परसात दाणे टाकले, खुराडे उघडले आणि परत येऊन बसलो. जुन्या कोंबड्या दाण्यांवर आल्या. तीन पांढऱ्या तलंगा मागाहून, भिंतीला धरून निघाल्या. सर्वांत पुढे जी होती तिच्या डोक्यावर मी नुकतेच लावलेले औषध ओले होते. लाल, चमकदार. मुकादमीण दाणे टिपायची थांबली. तिने मान वाकडी केली. मग सावकाश, बाजूबाजूने चालत ती त्या तलंगेजवळ गेली आणि त्या लाल डागावर नेमकी एक चोच मारली. घाई नाही, आरडाओरडा नाही. दुसरी कोंबडी आली. तिनेही तिथेच मारली. मग तिसरी. तलंग खाली बसली, मान पोटाखाली घातली, तशा त्या तिच्या पाठीवर चढल्या.

“अहो,” मास्तर हळूच म्हणाले, “ह्या तर तुमच्याच.”

मी उठायला हवे होते. मी उठलो नाही. कुत्रा येईल, अजून येईल, असे मला शेवटपर्यंत वाटत होते. लाज वाटते ती ह्याची अधिक: समोर एक जीव सोलला जात असताना मी आरोपीची वाट पाहत बसलो होतो.

तलंग कशीबशी सुटली. धडपडत कुंपणाच्या भगदाडातून पलीकडे गेली आणि सरळ कुत्र्याकडे धावली. गिरणीवाल्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. कुत्र्याने एक डोळा उघडला. मग त्याने आपले मागचे पाय किंचित आखडून घेतले, जसे बाकावर कोणी बसायला आले की आपण सरकतो, आणि ती त्या जागेत, त्याच्या पोटाशी, जाऊन बसली. तिची ती रोजची जागा असावी. तिथली माती तेवढीच खोलगट झाली होती आणि तिच्यात पांढरी पिसे होती.

मग गिरणीवाला म्हणाला, “आरोपी तर तिला कुशीत घेऊन बसलाय.”

मी म्हणालो की झाले ते झाले, आपण हा विषय इथेच संपवू. तो एरवी थट्टेखोर मनुष्य. पण त्या वेळी हसला नाही.

“पंच आणलेत ना? मग पंचनामा लिहा. का तो फक्त दुसऱ्याचाच लिहायचा असतो?”

पत्नीने आतून दौत, टाक आणि कागद आणून माझ्यापुढे ठेवले. “जसा तवा लिवला, तसाच आता लिवा. अक्षर पण तेवढंच चांगलं काढा.”

मी लिहिले. ‘अर्जदाराच्या मालकीच्या सदर पांढऱ्या तलंगेस अर्जदाराच्या स्वतःच्याच कोंबड्यांनी पंचांसमक्ष चोची मारून जखमी केले. अर्जदाराने जखमेवर लावलेल्या लाल औषधामुळे त्या अधिक आकृष्ट होत असल्याचे दिसून आले. सदर कुत्रा दोरीने बांधलेला होता. जखमी तलंग सदर कुत्र्याच्या पोटाशी जाऊन बसली.’ हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला, तेव्हा मास्तरांनी शाळेतल्या आवाजात म्हटले, “‘स्वखुशीने’ लिहा. स्वखुशीने जाऊन बसली.” मी तो शब्द घातला. दोघांनी सह्या केल्या. माझ्या सहीखाली मी ‘अर्जदार’ असे लिहिले, कारण दुसरे काय लिहावे ते सुचले नाही.

त्याच दुपारी तो कागद घेऊन मी चाळमालकाकडे गेलो. पंच बरोबर आले. मला एकट्याला सोडायला गिरणीवाला तयार नव्हता. चाळमालक झोपाळ्यावर बसला होता. मी पंचनामा वाचून दाखवला, प्रत्येक शब्द, उभा राहून. तो ऐकत असताना त्याचा झोपाळा थांबला.

“साहेब, तुम्हीच लिहिलं, तुम्हीच खोडता. मी लूमवाल्याला शब्द दिलाय. तुमच्या कोंबड्यांपायी तो मोडू काय?”

“मोडावा लागेल,” मी म्हणालो. “माझ्या अर्जाखेरीज तुमच्याजवळ कारण नाही, आणि ते खोटे होते. कोर्टाच्या हुकुमाशिवाय भाडेकरू बाहेर काढता येत नाही. तुम्ही कोर्टात गेलात तर त्याच्या बाजूने पहिला साक्षीदार मी असेन.”

“स्वतःविरुद्ध?”

“स्वतःविरुद्ध.”

तो हसला. मग मास्तरांकडे आणि गिरणीवाल्याकडे पाहून त्याचे हसणे कमी झाले. “ऱ्हाऊ दे त्याला,” असे म्हणून त्याने झोपाळ्याला पायाने रेटा दिला आणि दुसरीकडे पाहू लागला. त्याने नंतर कितीतरी दिवस ही गोष्ट बाजारपेठेत सांगितली. न्यायालयाच्या आवारात वकील मला ‘कुक्कुट-प्रकरणाचे काय झाले’ असे विचारीत. त्याचा मला राग येई आणि तो राग करण्याचा मला अधिकार नव्हता.

खरे अवघड काम मालकाकडचे नव्हते. ते शेजारच्या दारात होते. मी गेलो तेव्हा विणकर गाठोड्यावर बसून बिडी ओढत होता. तो उठला नाही. मी सांगितले की खोली सोडायची नाही, चूक माझी होती, मालकाशी बोलणे झाले आहे. माझी हिंदी त्या वेळी फारच तोकडी पडली. त्याने बिडी विझवली.

“हमको शेलार गाँव में कमरा मिल गया था,” तो म्हणाला. “अब वहाँ मना करना पड़ेगा.”

“माफ करना.”

“अच्छा, बाबूजी.”

बस्स. रागावला नाही, आभार मानले नाहीत. तो रागावला असता तर मला काहीतरी उत्तर देता आले असते. त्याची बायको आत गोणपाट सोडून भांडी परत फळीवर लावू लागली. भांड्यांचा आवाज येत होता. मी कुत्र्याकडे बोट दाखवले.

“अब उसको छोड़ दो.”

“रहने दीजिए. बँधा ही ठीक है.”

त्या संध्याकाळी पत्नीने जखमी तलंग त्या दारातून उचलून आणली. तव्याच्या बुडाची काजळी खोबरेल तेलात कालवून तिने तिच्या जखमांवर थापली. लाल काही दिसेना. पांढरी कोंबडी डोक्याने काळी झाली. मग ती तिला परसाच्या मधोमध बांबूच्या मोठ्या डालग्याखाली ठेवू लागली. बाहेरच्या कोंबड्यांना ती दिसे, त्यांना तिच्यापर्यंत पोहोचता येत नसे. डालग्याभोवती ती सगळ्यांना एकत्र दाणे टाकी. माझी काठी तिने चुलीत घातली. मुकादमीण सुरुवातीला डालग्याच्या फटींतून चोच घाले. पुढे तिने ते सोडले. मग तिला डालगे दिसेनासेच झाले. जखमा सुकल्यावर पत्नीने एका तिन्हीसांजेला तलंगेला पदराखाली धरून नेले आणि दांड्यावर दोन कोंबड्यांच्या मध्ये बसवले. अंधुक उजेडात मुकादमीण मान उचलून कुरकुरली आणि तिने ती पुन्हा पिसांत खुपसली. सकाळी सगळ्या एकदमच बाहेर आल्या. चोची बसल्या नाहीत असे नाही, पण घरच्यांना बसतात तेवढ्याच.

यथावकाश तलंगा अंड्यावर आल्या. दोघी खुराड्यात अंडी घालू लागल्या. ती तिसरी मात्र सकाळी दाणे टिपून झाले की कुंपणातून पलीकडे जाई आणि कुत्र्याजवळच्या त्या खोलगट जागेत अंडे घाली. मी भगदाड बुजवले. ती कुंपणावरून उडून गेली. विणकराची बायको ते अंडे उचले, पदराने पुसे आणि आमच्या मागच्या ओट्यावर आणून ठेवी. दुसऱ्यातिसऱ्या दिवशी एक अंडे, ओट्याच्या त्याच कोपऱ्यावर.

एकदा मी तिथेच उभा होतो. म्हणालो, “आप रख लो. आपके यहाँ दिया है, तो आपका ही हुआ.”

तिने पदर पुढे ओढला. “मुर्गी तो आपकी है.”

कायद्याने तिचे म्हणणे बरोबर होते. मालकी मीच सिद्ध करून ठेवली होती, पंचांच्या सहीनिशी. ती वळून गेली. पलीकडे कुत्रा खांबाला बांधलेला होता, दोरी जुनी होऊन मळकट झाली होती, आणि ती पांढरी कोंबडी त्याच्या अंगावरून उतरून आमच्या परसाकडे निघाली होती. मी अंडे उचलले. ते अजून गरम होते. आत पत्नीने चूल पेटवली होती. तिने ते माझ्या हातातून घेतले, आणि मी माझ्या ताटावर बसलो.